खाचरातला मिथेन कोण खातं? कार्बन-१३ची खूण लावून सूक्ष्मजीवांचा माग काढायचा असेल तर

चिखलणी होऊन महिना उलटलेल्या भातखाचरात पाय रोवला की पोटरीभोवती बुडबुडे फुटतात. त्यात मिथेन असतो. चिखलाखाली ऑक्सिजन पोचत नाही, तिथले आर्किया (जीवाणूंसारखेच दिसणारे पण वेगळ्या वंशाचे सूक्ष्मजीव) तो तयार करतात. पण तयार झालेला सगळा मिथेन हवेत जात नाही. मातीच्या वरच्या काही मिलिमीटर थरात आणि भाताच्या मुळांभोवती थोडा ऑक्सिजन असतो. तिथे बसलेले जीवाणू वर येणारा मिथेन वाटेतच खाऊन टाकतात.

हे जीवाणू नेमके कोणते, हा साधा वाटणारा प्रश्न फार वर्षं सुटत नव्हता. चिमूटभर मातीत हजारो प्रकारचे जीवाणू असतात. सगळ्यांचा डीएनए वाचला तर कोण हजर आहे ते कळतं. पण गावाच्या मतदारयादीवरून आज शेतावर कोण राबतंय ते जसं कळत नाही, तसंच हे. राबणारा ओळखायचा तर त्याच्या ताटात खूण असलेलं अन्न वाढायचं आणि ती खूण पुढे कुणाच्या अंगी लागते ते पाहायचं. स्थिर समस्थानिक, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे पण न फुटणारे अणू, वापरून केलेला शोध (स्टेबल आयसोटोप प्रोबिंग) म्हणजे एवढंच. प्रयोगशाळेत त्याला सगळे 'सिप' म्हणतात, मीही तेच म्हणेन.

हा लेख एमएस्सीचा प्रकल्प किंवा पीएचडीचं पहिलं वर्ष करणाऱ्यांसाठी आहे. उदाहरण एकच घेतलं आहे: खाचरातली माती, कार्बन-१३चा मिथेन आणि डीएनए. हे एक नीट जमलं की बाकीचे प्रकार समजायला सोपे जातात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने आपल्याकडच्या भातखाचरांतून मिथेनभक्षक जीवाणू वेगळे करून वाढवले आहेत. त्यामुळे महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला हा विषय परका नाही.

आधी थोडी ओळख

निसर्गातल्या कार्बनच्या दर हजार अणूंपैकी सुमारे ११ अणू कार्बन-१३चे असतात, बाकीचे कार्बन-१२चे. कार्बन-१३मध्ये एक न्यूट्रॉन जास्त असतो. तो किरणोत्सारी नाही, फुटत नाही, वर्षानुवर्षं तसाच राहतो. म्हणून कार्बन-१४साठी लागणारे परवाने आणि वेगळी खोली यासाठी लागत नाही. नायट्रोजन-१५चं नैसर्गिक प्रमाण ०.३७ टक्के आहे, ऑक्सिजन-१८चं ०.२ टक्के आणि ड्युटेरियमचं ०.०१६ टक्क्यांच्या आसपास. मुळात प्रमाण इतकं कमी, म्हणून बाहेरून ९९ टक्के कार्बन-१३ असलेला मिथेन दिला की तो उठून दिसतो.

कल्पना जुनी आहे. १९५८ साली मॅथ्यू मेसेल्सन आणि फ्रँकलिन स्टाल यांनी कॅलटेकमध्ये ई. कोलाय जीवाणू नायट्रोजन-१५वर वाढवले. त्यांचा डीएनए सिझियम क्लोराईडच्या द्रावणात फिरवला तेव्हा जड डीएनएचा पट्टा खाली बसला. मग त्या जीवाणूंना साधा नायट्रोजन दिला. एका पिढीनंतर पट्टा बरोबर मध्ये आला. हा 'मधला पट्टा' लक्षात ठेवा, पुढे त्याच्याशी गाठ आहे. मातीसाठी हीच युक्ती २००० साली वॉरिक विद्यापीठातल्या गटाने वापरली. ओकच्या जंगलातल्या मातीला त्यांनी कार्बन-१३चं मिथेनॉल दिलं आणि जड डीएनए वेगळा काढून तो कुणाचा आहे ते वाचलं.

पायरी पहिली: प्रश्न एका ओळीत लिहा

'मावळातल्या खाचरात मिथेन कोण खातं' हा प्रश्न या पद्धतीला झेपत नाही. 'या मातीच्या वरच्या एक सेंटिमीटर थरात, हवेत एक टक्का मिथेन असताना, पहिल्या आठवड्यात मिथेनमधला कार्बन कुणाच्या डीएनएत जातो' हा झेपतो. वहीच्या पहिल्या पानावर तो लिहून ठेवा. पुढचा प्रत्येक निर्णय याच ओळीवरून घ्यायचा आहे: किती मिथेन, किती दिवस, किती बाटल्या.

सिपमधून एवढंच कळतं की अणू कुठे पोचला. तो कुणाच्या हातून पोचला ते वेगळं सिद्ध करावं लागतं. नवख्या माणसाचे बहुतेक चुकीचे निष्कर्ष या दोन गोष्टी एक समजल्यामुळे होतात.

पायरी दुसरी: माती आणि बाटल्या

माती ओलीच आणा, वाळवू नका. वरचा थर आणि खालचा थर वेगवेगळ्या पिशव्यांत भरा, कारण मिथेन खाणारे वर असतात आणि बनवणारे खाली. मुळं, शंख-शिंपल्या, काडीकचरा वेचून काढा आणि गाळता येईल इतपत ओली माती दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. आणल्यापासून काही दिवसांत प्रयोग सुरू करा, तोवर चार अंशांवर ठेवा. मातीचा एक भाग त्याच दिवशी उणे ऐंशीला टाका. तो 'शून्य दिवसा'चा नमुना. पुढे तो नसला तर दुसऱ्या कशानेही भरून निघत नाही.

बाटली म्हणजे काचेची सीरम बाटली, वर ब्युटाईल रबराचं जाड बूच आणि ॲल्युमिनियमची टोपी. बाटलीवर १२० मिलि लिहिलेलं असतं, पण बूच लावल्यावर आतलं खरं घनफळ तेवढंच असतं असं धरू नका. पाणी भरून वजन करा आणि खरं घनफळ काढा. पाच मिनिटांचं काम आहे, पण पुढचा सगळा हिशोब त्यावर उभा असतो.

आता तो हिशोब. समजा पाच ग्रॅम माती घातली आणि वर ११० मिलि हवा उरली. त्यात एक टक्का मिथेन म्हणजे १.१ मिलि. २५ अंशांना एक मोल वायू सुमारे २४.५ लिटर जागा व्यापतो, म्हणजे हे झाले ४५ मायक्रोमोल. पाच ग्रॅमने भागा: ग्रॅममागे नऊ. यातला साधारण अर्धा कार्बन जीवाणूच्या शरीरात जातो, उरलेला कार्बन डायऑक्साईड होऊन बाहेर पडतो. ग्रॅममागे चार-पाच मायक्रोमोल म्हणजे डीएनएवर खूण उमटायला फारच काठावरचं प्रमाण. म्हणून मिथेन संपला की पुन्हा द्या. असे पाच डोस झाले की ग्रॅममागे वीसच्या वर कार्बन शरीरात गेलेला असतो आणि खूण दिसण्याची चांगली आशा असते.

एकदम पाच टक्के मिथेन घालून मोकळं व्हावंसं वाटतं. तसं करू नका. एक कारण सुरक्षिततेचं: हवेत पाच ते पंधरा टक्के मिथेन स्फोटक असतो. दुसरं कारण जीवशास्त्राचं: जास्त मिथेनवर वेगळेच जीवाणू माजतात, आणि तुम्ही खाचराऐवजी बाटलीचा अभ्यास करून बसता.

ऑक्सिजनही मोजून घ्या. एक रेणू मिथेन पूर्ण जाळायला दोन रेणू ऑक्सिजन लागतात. ११० मिलि हवेत सुमारे ९४० मायक्रोमोल ऑक्सिजन असतो. पाच डोसांचा २२५ मायक्रोमोल मिथेन जास्तीत जास्त ४५० मायक्रोमोल ऑक्सिजन घेईल, शिवाय मातीचा स्वतःचा श्वास आहेच. म्हणून दोन-तीन डोसांनंतर बाटली उघडून हवा बदलावी. बदलताना आतला कार्बन-१३चा कार्बन डायऑक्साईडही निघून जातो, आणि तो गेलेला बरा. का, ते पुढे येईल.

पायरी तिसरी: कंट्रोल

पैसे वाचवायला कंट्रोलला कात्री लावायची सवय फार जणांना असते. ही पायरी लांबवतेय ती त्यासाठीच.

पहिला कंट्रोल म्हणजे साध्या, कार्बन-१२च्या मिथेनच्या बाटल्या. तेवढ्याच मातीच्या, तेवढ्याच डोसाच्या, त्याच दिवशी उघडलेल्या. हा नसेल तर सिप झालंच नाही असं समजा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा महागड्या वायूच्या जास्त बाटल्या लावता याव्यात म्हणून साध्या मिथेनच्या बाटल्या वगळल्या होत्या. फिरवलेल्या नळीतल्या जड भागात ॲक्टिनोबॅक्टेरिया या जीवाणूगटाची मोठी फौज सापडली आणि नवीन मिथेनभक्षक मिळाले म्हणून मी आठवडाभर हवेत होते. ते मिथेन खात नव्हतेच. त्यांचा डीएनए जन्मतःच जड असतो. याचं गणित पुढे देते, कारण ते कळल्याशिवाय ग्रेडियंट, म्हणजे फिरवलेल्या नळीत वरून खाली वाढत गेलेली घनता, वाचता येत नाही.

दुसरा कंट्रोल मिथेनशिवायच्या बाटल्यांचा: नुसतं बंद ठेवल्यामुळे मातीत काय बदललं ते यातून कळतं. तिसरा ॲसिटिलीनचा. ॲसिटिलीन मिथेन खाणारं मुख्य विकर, मिथेन मोनोऑक्सिजनेज, बंद पाडतं. ॲसिटिलीन घातलेल्या बाटलीत मिथेन घटत असेल तर तो जीवाणू खात नाहीत, बुचातून गळतोय.

प्रत्येक वेळेच्या प्रत्येक प्रकाराला किमान तीन बाटल्या. तीन वेळा धरल्या तर कार्बन-१३च्या नऊ आणि कार्बन-१२च्या नऊ, वर बाकीचे कंट्रोल. चिठ्ठ्या पेन्सिलीने लिहा, मार्कर अल्कोहोलने पुसला जातो.

पायरी चौथी: बाटली कधी उघडायची

कॅलेंडर पाहून उघडू नका. दर दिवशी गॅस क्रोमॅटोग्राफवर मिथेन मोजा आणि किती खाल्ला गेला त्यावर ठरवा. पहिला संच ग्रॅममागे दहा मायक्रोमोल खाल्ल्यावर, दुसरा पंचवीसच्या आसपास, तिसरा पन्नासच्या आसपास. मातीनुसार यासाठी चार दिवसही लागतील किंवा तीन आठवडेही.

लवकर उघडली तर खूण कच्ची राहते. इथे मेसेल्सन-स्टालचा मधला पट्टा आठवा. जीवाणू एकदाच दुभागला तर नव्या डीएनएची एकच दोरी कार्बन-१३ची असते, दुसरी जुनीच. घनता अर्धीच सरकते. पूर्ण जड डीएनए मिळायला दोन-तीन पिढ्या तरी जाव्या लागतात. उशिरा उघडली तर उलटं संकट: खूण मिथेन खाणाऱ्यापासून पुढे पसरते. म्हणून एकच वेळ कधीच पुरत नाही. पहिल्या संचात जे उजळतात आणि तिसऱ्या संचात जे नव्याने उजळतात, त्यांच्यातला फरक म्हणजे तुमच्या प्रयोगातली सगळ्यात मोलाची माहिती.

पायरी पाचवी: डीएनए

मातीतून डीएनए काढण्याचं कुठलंही चांगलं किट चालतं. काचेच्या मण्यांनी कुटताना फार वेळ घेऊ नका. डीएनएचे फार बारीक तुकडे झाले तर ग्रेडियंटमधले पट्टे पसरट होतात. खाचराच्या मातीत ह्युमिक आम्लं (कुजलेल्या काडीकचऱ्यातून आलेली) असतात, अर्क चहासारखा तपकिरी दिसला तर आणखी एकदा शुद्ध करा. मोजताना प्रकाश शोषणावर भरवसा ठेवू नका, ह्युमिक आम्लं आकडा फुगवतात. डीएनएला चिकटून चमकणाऱ्या रंगाने मोजा. एका नळीला एक ते पाच मायक्रोग्रॅम पुरतात. सगळ्या नळ्यांत सारखाच डीएनए घाला.

पायरी सहावी: ग्रेडियंट

सगळ्यात धाकधूक होते ती इथे. प्रत्येक गोष्टीचं कारण कळलं की ती कमी होते.

सिझियम क्लोराईडचं घट्ट द्रावण करा: ६०३ ग्रॅम मीठ, ग्रेडियंट बफरमध्ये विरघळवून एकूण ५०० मिलि. विरघळताना भांडं गार पडतं, घाबरू नका. बफर म्हणजे ०.१ मोलर ट्रिस, ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराईड आणि १ मिलिमोलर ईडीटीए, पीएच ८. घट्ट द्रावण ४.९ मिलि आणि डीएनए धरून बफर १.२ मिलि एकत्र केलं की घनता १.७२५ ग्रॅम प्रति मिलिच्या जवळ येते. 'जवळ' पुरेसं नाही. थेंबभर रिफ्रॅक्टोमीटरवर (द्रावणात प्रकाश किती वाकतो ते मोजणारं उपकरण, त्यावरून घनता कळते) ठेवा, आणि मीठ किंवा बफर थेंबाथेंबाने घालून सगळ्या मिश्रणांचा आकडा अगदी एकसारखा करा. दोन नळ्यांची सुरुवात वेगळी असेल तर शेवटी पट्ट्यांतला फरक खुणेमुळे आहे की मिठामुळे, ते सांगता येणार नाही.

५.१ मिलिच्या नळ्या काठोकाठ भरा, आत बुडबुडा नको, आणि उष्णतेने तोंड बंद करा. बंद केल्यावर बोटांनी दाबून पाहा, थेंब आला तर ती नळी बाद. समोरासमोरच्या नळ्यांचं वजन दहा मिलिग्रॅमच्या आत जुळायला हवं. उभ्या नळ्यांचा रोटर, २० अंश, १,७७,००० जी (म्हणजे गुरुत्वाच्या तितके पट), ३६ ते ४० तास. थांबताना ब्रेक बंद ठेवा. ब्रेकच्या झटक्याने दीड दिवसाचा ग्रेडियंट ढवळून निघतो.

तापमान २० अंशच का? फार गार केलं तर तळाशी जिथे मीठ सगळ्यात दाट असतं तिथे स्फटिक धरतात. इतक्या वेगात फिरणाऱ्या नळीच्या तळाशी घन स्फटिक म्हणजे रोटर फुटण्याचा धोका. घन द्रावणांसाठी रोटरचा वेग किती कमी करायचा ते रोटरच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, ते स्वतः वाचा, कुणाच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. काम झालं की रोटर कोमट पाण्याने धुऊन पुसा. सांडलेलं सिझियम क्लोराईड ॲल्युमिनियम खातं.

नळी बाहेर काढताना हात स्थिर ठेवा आणि लगेच पुढच्या कामाला लागा. नळी स्टँडला उभी अडकवा. वरून सुई टोचून सिरिंज पंपाने रंगीत पाणी सोडा, तळाशी दुसऱ्या सुईने भोक पाडा. वरचं पाणी खालचं द्रावण ढकलतं आणि ते थेंबाथेंबाने बाहेर येतं, आधी जड, मग हलकं. मिनिटाला ४२५ मायक्रोलिटर गती ठेवली तर मिनिटाला एक याप्रमाणे बारा भाग मिळतात. पाण्यातला रंग शेवटच्या भागापर्यंत खाली येऊ देऊ नका.

प्रत्येक भागाचा एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर मोजा. आकडे वहीत मांडले की सरळ उतरती रेषा दिसायला हवी. ती वाकडी आली तर ग्रेडियंट बिघडलाय, पुढे जाण्यात अर्थ नाही.

डीएनए बाहेर काढायला नुसतं अल्कोहोल वापरलं तर मीठही खाली बसतं. त्याऐवजी दुप्पट प्रमाणात पीईजीचं (पॉलिएथिलीन ग्लायकॉलचं) द्रावण घाला, ३० टक्के पीईजी-६००० आणि १.६ मोलर साधं मीठ (सोडियम क्लोराईड), सोबत थोडं ग्लायकोजेन. दोन तास खोलीच्या तापमानाला ठेवा, १३,००० जीवर अर्धा तास फिरवा, ७० टक्के अल्कोहोलने धुवा. गोळी दिसत नाही म्हणून ती नाही असं समजून नळी पालथी करू नका.

पायरी सातवी: जड म्हणजे खूण लागलेला, असं नाही

डीएनएची घनता तो कोणत्या कार्बनचा आहे यावर ठरते, तशीच त्यातल्या ग्वानिन आणि सायटोसिनच्या प्रमाणावरही ठरते. साधा नियम असा: घनता = १.६६० + ०.०९८ × जीसी प्रमाण.

क्लॉस्ट्रिडियमचं जीसी प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे घनता १.६८९. स्ट्रेप्टोमायसिस या ॲक्टिनोबॅक्टेरियाचं ७२ टक्के, घनता १.७३१. डीएनए पूर्ण कार्बन-१३चा झाला की घनता सुमारे ०.०३६ने वाढते. म्हणजे पूर्ण खूण लागलेलं क्लॉस्ट्रिडियम १.७२५वर थांबतं, आणि खुणेचा एकही अणू न लागलेलं स्ट्रेप्टोमायसिस त्याच्याही खाली जाऊन बसतं. माझी ॲक्टिनोबॅक्टेरियांची फौज ती हीच.

म्हणून 'जड भागात कोण सापडलं' असा प्रश्न विचारायचा नाही. 'कार्बन-१२च्या नळीत हा जीवाणू जिथे बसला, त्याच्यापेक्षा कार्बन-१३च्या नळीत खाली सरकला का' असा विचारायचा. प्रत्येक जीवाणूची तुलना त्याच्या स्वतःशीच करायची.

आधी क्यूपीसीआर (जनुकाच्या प्रती मोजण्याची चाचणी) करा. मिथेनभक्षकांच्या पीएमओए जनुकाच्या (मिथेन मोनोऑक्सिजनेज बनवणाऱ्या) प्रती बाराही भागांत मोजा. सगळ्यात जास्त प्रती असलेल्या भागाला एक धरून बाकीचे आकडे त्याने भागा, आणि घनतेसमोर मांडा. कार्बन-१२ची टेकडी आणि कार्बन-१३ची टेकडी एकाच कागदावर काढा. कार्बन-१३ची उजवीकडे, जड बाजूला सरकलेली दिसली की प्रयोग लागला. टेकड्या एकमेकींवर बसल्या तर डीएनए वाचनावर पैसे घालवू नका, तिसऱ्या संचाच्या बाटल्या काढा.

टेकड्या सरकल्यावरच १६एस जनुकाचं वाचन, त्यावरून जीवाणूची ओळख पटते. दोन्ही नळ्यांचे जड आणि हलके, चारही गट पाठवा. पैसे असतील तर सगळेच भाग पाठवा. मग प्रत्येक जीवाणूची सरासरी घनता दोन्ही नळ्यांत काढून त्याच्या डीएनएत किती टक्के कार्बन-१३ गेला ते आकड्यात सांगता येतं. ही 'परिमाणात्मक सिप' पद्धत नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठातल्या गटाने २०१५ साली मांडली. आज नव्याने सुरू करणाऱ्याने शक्य असेल तर थेट हीच वापरावी असं माझं मत आहे. जड-हलकं अशा दोन ढिगांत बरीच माहिती हरवते.

पायरी आठवी: खूण कुणाकडून कुणाकडे गेली

मिथेनभक्षक काही सगळं पोटातच ठेवत नाहीत. त्यांच्यातून थोडं मिथेनॉल गळतं आणि त्यावर मिथायलोफिलेसी कुळातले जीवाणू जगतात. त्यांना मिथेन खाता येत नाही, तरी त्यांचा डीएनए खुणेने जड होतो. बाहेर पडलेला कार्बन-१३चा कार्बन डायऑक्साईड इतर कुणी तरी उचलतं. बाटलीतली हवा बदलायला सांगितली ती यासाठी. मग प्रोटोझोआ हे एकपेशीय जीव येतात, ते मिथेनभक्षकांनाच गिळतात. भातखाचरांच्या मातीत मिथेनचा कार्बन प्रोटोझोआंपर्यंत पोचलेला याच पद्धतीने दिसला आहे.

हे सगळं टाकाऊ समजू नका, ही त्या मातीतली अन्नसाखळीच तुमच्यासमोर उलगडतेय. मात्र 'मिथेन खातो' असं म्हणायला तीन पुरावे एकत्र लागतात: पहिल्याच संचात खूण लागलेली असणं, मिथेन खाण्याचं जनुक असणं, आणि ॲसिटिलीन घातल्यावर ती खूण नाहीशी होणं.

उलटी फसगतही होते. मिथेनभक्षकांचे दोन मोठे गट आहेत. पहिल्या गटातले मिथायलोबॅक्टरसारखे जीवाणू शरीरातला बहुतेक कार्बन थेट मिथेनमधून घेतात. दुसऱ्या गटातले मिथायलोसिस्टिस, मिथायलोसायनस कार्बन डायऑक्साईडमधूनही बराच कार्बन घेतात, निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त. बाटलीतला तो वायू मातीच्या श्वासातून आलेला, साधाच असतो. त्यामुळे दुसऱ्या गटाने तितकाच मिथेन खाल्ला तरी त्यांचा डीएनए कमी सरकतो. नुसत्या जड भागावरून 'पहिला गट जास्त काम करतो' असं लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना मी नेहमी इथे थांबवते.

दुसरी वाट कधी धरायची

डीएनएसाठी पेशी दुभागावी लागते. खूण लवकर पाहायची असेल तर आरएनए घ्या, कारण पेशी दुभागली नाही तरी ते नव्याने बनत राहतं. त्याला सिझियम ट्रायफ्लुओरोॲसिटेटचं माध्यम लागतं आणि हात फार स्वच्छ लागतो. भाताच्या झाडांना कार्बन-१३चा कार्बन डायऑक्साईड देऊन मुळांभोवतीचे मिथेन बनवणारे आर्किया याहाय लू आणि राल्फ कॉनराड यांनी मारबुर्गमध्ये आरएनएवरूनच ओळखले. हे काम २००५ साली प्रसिद्ध झालं.

मिथेन फार कमी द्यायचा असेल, प्रत्यक्ष खाचरात असतो तेवढाच, तर पेशीच्या पडद्यातली मेदाम्लं पाहा. समस्थानिकांच्या मास स्पेक्ट्रोमीटरवर अगदी पुसटशी खूणही दिसते. नावं मात्र ढोबळ मिळतात: १६ कार्बनची काही मेदाम्लं पहिल्या गटाची, १८ कार्बनची काही दुसऱ्या गटाची, त्यापलीकडे फारसं नाही.

एकेक पेशी पाहायची असेल तर नॅनोसिम्स (सूक्ष्म ठिपक्यातले समस्थानिक मोजणारा मास स्पेक्ट्रोमीटर), तिथे ५० नॅनोमीटरपर्यंतचं दिसतं. किंवा रामन सूक्ष्मदर्शक: मातीला जड पाणी दिलं की चालू असलेल्या पेशींत कार्बन-ड्युटेरियमचा बंध तयार होतो आणि २०४० ते २३०० प्रति सेंटिमीटर या पट्ट्यात वेगळं शिखर उमटतं. जड पाणी आपल्याकडे रायगड जिल्ह्यात थळला बनतं, ते मुख्यतः अणुभट्ट्यांसाठी. नायट्रोजन-१५ने डीएनए जेमतेम ०.०१६ सरकतो, म्हणजे जीसीच्या फरकात हरवून जातो. त्यासाठी दुसरा ग्रेडियंट लागतो. पहिल्या प्रयोगाला नायट्रोजन घेऊ नका.

एक सूचना जिथे मास स्पेक्ट्रोमीटर सामायिक आहे तिथल्यांसाठी. नैसर्गिक प्रमाण मोजणारी माणसं हजारात एक भागाचा फरक शोधत असतात. तुमच्या ९९ टक्क्यांच्या नमुन्याचा अंशही त्यांच्या यंत्रात किंवा बाकावर राहिला तर त्यांचे पुढचे आकडे बिघडतात. नमुना देण्याआधी तो खूण लावलेला आहे आणि अंदाजे किती, हे चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहा. काचसामान, पिपेट, फ्रीजचा कप्पा वेगळा ठेवा.

सुरुवात करताना

खाचराच्या मातीला हात लावण्याआधी दोन आठवडे सराव करा. ई. कोलाय साध्या ग्लुकोजवर वाढवा आणि कार्बन-१३च्या ग्लुकोजवरही. दोन्हींचे डीएनए वेगवेगळ्या नळ्यांत आणि मग एकत्र एका नळीत फिरवा. ई. कोलायचं जीसी प्रमाण जवळपास ५१ टक्के, म्हणजे साधा डीएनए १.७१०वर आणि जड १.७४६च्या आसपास यायला हवा. एकत्र नळीतून दोन स्वतंत्र टेकड्या निघाल्या की तुमचा हात, तुमचा रिफ्रॅक्टोमीटर आणि तुमचा रोटर यांच्यावर विसंबायला हरकत नाही. ते आकडे वहीत जपून ठेवा, पुढच्या प्रत्येक ग्रेडियंटची तुलना त्यांच्याशी करायची आहे.

आणि निकाल लिहाल तेव्हा वहीच्या पहिल्या पानावरची ती ओळ पुन्हा उघडा. 'एक टक्का मिथेनवर, ग्रॅममागे पंचवीस मायक्रोमोल खाल्ला गेला तेव्हा, अमुक कुळाच्या डीएनएत इतके टक्के कार्बन-१३ होता' एवढंच वाक्य तुम्हाला लिहिता येतं. खाचराबद्दल बोलायचं असेल तर त्याच मातीचा उणे ऐंशीत ठेवलेला भाग नको, नवी ताजी माती आणा, मिथेन शंभरपट कमी द्या आणि मेदाम्लांवर तेच नाव पुन्हा येतं का ते पाहा.